हिराजीबाबांनी घातलेलं तेल

परवा ऑफिसातला माझा कीबोर्ड बिघडला. एक बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले, मग सांगितलं. यंत्र बिघडल्याचं जो सांगतो त्यानंच ते बिघडवलं असं समोरच्याला वाटतं, ही माझी भीती अजून गेलेली नाही. साहेबांनी मोबाईलवरची मान वर न करता कोणाला तरी फोन लावला. एक माणूस आला, त्यानं वायर ओढली, जुना कीबोर्ड काखेत मारला, नवा जोडला आणि निघून गेला. मी खुर्ची मागे सारायच्या आत सगळं झालं होतं.

हिराजीबाबा असते तर म्हणाले असते, "आगं, निदान त्याला विचारावाचा तरी, काय दुखतंय म्हून."

बाबांना जाऊन आता बराच काळ झाला. मी आज पंख्याखाली, स्वच्छ हवेत बसून चार अक्षरं टाइप करते, महिन्याला पगार घेते, रात्री आडवी झाले तर झोप लागते. हे सगळं ज्यांच्यामुळे, त्यांच्याबद्दल नीट बसून लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण माझं शिक्षण आठवी अर्धी. लिहायचं म्हटलं की कोणी हसेल का, याच विचारात दिवस जातो.

आम्ही हिंगोलीकडचे. आमच्या यांच्या ओळखीनं भिवंडीत आलो आणि जवळच्या कोन गावात हिराजीबाबांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये कामाला लागलो. हे लूमवर, मी कांडी मशीनवर. धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरायचं काम. बाबा तिथले भूमिपुत्र. शेड त्यांची, शेडखालची जमीन त्यांची, आणि एके काळी खाडीपर्यंतची शेतीही त्यांच्याच भावकीची. "थेट खारीपावत आमचाच होता," असं ते सांगायचे आणि लगेच पुढे म्हणायचे, "मच्छर बी आमचेच."

त्यांचा आवाज फार मोठा होता. सगळं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय हे ते विसरूनच गेले होते. एकदा शेजारच्या आळीत एक म्हातारी वारली. बाबा भेटायला गेले, मीही मागे गेले होते. थोरल्या मुलाच्या शेजारी बसून बाबा त्याच्या कानाशी गेले आणि सबंध आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बरा झाला, सुटली. सुनांनी लय हाल केलते." सुना समोरच बसल्या होत्या. परत येताना वाटेत त्यांनी मला विचारलं, "बाय, मी हलूच बोललो ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसरी सवय म्हणजे त्यांची झोप. शेडच्या कोपऱ्यात त्यांची एक बाज होती. सगळे लूम चालू असले, माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नसला, की बाबा तिथं गाढ झोपायचे. लाइट गेली की सगळं एकदम गप्प व्हायचं आणि ते दचकून उठायचे. "कोन मेला?" हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. मग लाइट गेली हे कळलं की पाय खाली सोडून बसायचे आणि म्हणायचे, "बसा. आता तिकडचा माणूस जेवून उठंपर्यंत बसा." तिकडचा माणूस म्हणजे वीज बंद-चालू करणारा. त्यांच्या मते तो सदा जेवतच असायचा.

अशीच एकदा दुपारी लाइट गेली. कामगार बाहेर बिडी ओढायला गेले. मी मशीनपाशीच भिंतीला टेकून बसले. बाबा उठून बसले, पण नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मान वाकडी करून काहीतरी ऐकत राहिले. मग उठले आणि लूमच्या रांगेतून फिरायला लागले. एकेका लूमवर हाताची पालथी बाजू ठेवायचे, पुढे जायचे. असं करत माझ्यासमोर येऊन थांबले.

"बंद शेडमंदी काय वाजतंय म्हून बघत व्हतो," ते म्हणाले. "तुजी छाती वाजतंय, बाय."

मला माहीत होतं. रात्री उशी उंच करून बसून झोपावं लागत होतं. पण सांगितलं तर काम जाईल म्हणून मी कोणाला बोलले नव्हते, यांनासुद्धा नाही. मी म्हटलं, "सर्दी आहे बाबा."

"पन्नास वर्सं आवाज ऐकतंय मी," ते म्हणाले. "सर्दी असा नाय वाजत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि यांना डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, सुताची धूळ फुप्फुसात बसली आहे, आता कांडी मशीनवर बसायचं नाही, बसलात तर पुढं माझ्याकडे येऊ नका. त्या रात्री आम्ही दोघं हिशेब करत बसलो. एकाच्या मजुरीत खोलीचं भाडं आणि गावाकडे पाठवायचं हे जमणार नव्हतं, आणि गावी परत जायचं तर तिथं कशाला जायचं?

सकाळी बाबांनी मला शेडच्या टोकाच्या काचेच्या खोलीत नेलं. तिथं टेबलावर त्यांच्या मुलाचा, नरेशचा, कॉलेजातला जुना लॅपटॉप होता. झाकण सैल झालेलं, म्हणून मागं कापडाच्या काठाची पट्टी बांधून उभं केलेलं. मालाचं बिल कॉम्प्युटरवर केल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत, ते बिल नरेश येईल तेव्हा करायचा आणि तोवर माल पडून राहायचा.

"तुना हितं बसावाचा," बाबा म्हणाले.

नरेशला हे पटलं नाही. तो वाईट नव्हता, दमलेला होता. "बाबा, ताई कॉम्प्युटर शिकल्यात का?"

"तुना चालायला कोनी शिकवला? परलास, उठलास, शिकलास."

नरेशनं मला एका दुपारी बिल करायला शिकवलं. जाताना दारात थांबून सरळ सांगितलं, "ताई, राग मानू नका. शेड फार दिवस चालायची नाही. हा लॅपटॉप बंद पडला तर मी दुसरा घेणार नाही. मग बिलं कल्याणचा आपला अकाउंटंट करील, आणि हे टेबलही राहणार नाही."

तेव्हापासून त्या लॅपटॉपवर माझा जीव टांगलेला. तो चालतो तोवर मी काचेच्या या बाजूला. तो थांबला की परत कांडीवर, नाहीतर हिंगोलीची गाडी. मी दाराच्या फटीला ओलं पोतं लावायचे. काम नसलं की लॅपटॉपवर कोरं कापड टाकायचे. पण भिवंडीतली रुई कशानं थांबते? ती डाळीत येते, पाण्यात येते, लेकराच्या डोळ्यात जाते. थोड्याच दिवसांत बटणांच्या फटींतून पांढरी लव दिसायला लागली. काही बटणं दोनदा दाबावी लागायची, काही अंगठ्यानं. मी कोणाला सांगितलं नाही.

बाबांना मात्र काचेच्या बाहेरून कळलं. दार लोटून आत आले. "जोर लागतंय काय?"

"थोडासा."

त्यांनी पालथा हात लॅपटॉपवर ठेवला. "ताप बी हाय याला," म्हणाले, आणि गेले.

नंतर आली सुट्टी. सुट्टीच्या दिवशी बाबा स्वतः सगळ्या लूमना तेल घालायचे. हे काम त्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही. तेलाची लांब चोचीची बुदली घेऊन ते रांगेतून फिरायचे, प्रत्येक लूमशी काहीतरी बोलायचे, एखाद्याला शिवी घालायचे. दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर काचेच्या खोलीत लूमच्या तेलाचा वास. कापड उचललं. बटणं चकाकत होती.

बाबा दारात उभे होते. इतकं खूश मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं. "आता चालव. बघ कशी पलतात."

खरं सांगायचं तर त्या दिवशी बटणं खरंच पळाली. अडकणारी सुटली, अंगठ्याची सुद्धा बोटानं दबायला लागली. मी म्हटलं, "बाबा, छान झालं." मला काय माहीत? माझ्या गावी पण शिवणयंत्र अडलं की तेलच घालायचे.

मग त्या तेलात रुई बसली. दोन्हींचा मिळून खळीसारखा चिकट गाळ झाला. आठवडा झाला नसेल, एक बटण आपोआप दबून राहिलं आणि पडदाभर तेच एक अक्षर धावायला लागलं. मी बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. उलटा करून झटकला. शेवटी हात मांडीवर ठेवून बसले. बाहेर माल भरून टेम्पो उभा होता.

नरेश आला. त्यानं बटणावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काय सांडलं ताई? चहा?"

बाबांचं नाव घ्यायचं नव्हतं आणि माझं घेतलं तर काम जाणार होतं. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. लूम चालू होते, तरी सगळ्या शेडनं ऐकला असेल.

"चा नाय. तेल हाय. मी घातला."

"बाबा, लॅपटॉपला तेल?"

"मंग काय तूप घालू? हालतंय ते घासतंय. घासतंय त्याला तेल."

नरेश हसला. कामगारही हसले. मग नरेशचं हसू थांबलं आणि तो मला म्हणाला, "झालं ताई. बिलं आजपासून कल्याणला पाठवतो. तुमचं महिनाअखेरीला बघू."

त्या दुपारी सगळे लूम चालू असूनही बाबा झोपले नाहीत. बाजेवर बसून होते.

सकाळी त्यांनी मला शेडच्या बाहेरच गाठलं. लॅपटॉप कोऱ्या कापडात गुंडाळलेला, काखेत. "चल. नरेशला बोलू नको." शेअर रिक्षात मधे मी, बाबा कडेला, मांडीवर लॅपटॉप. रिक्षावाल्याला म्हणाले, "खड्ड्यातशी हलू घे रं, पेशंट हाय." रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि खरंच हळू चालवली.

धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत इम्रानभाईंचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा, आणि मागं भिंतभर मेलेले लॅपटॉप. इम्रानभाईंनी कापड सोडलं, एक बटण उचकटलं, खाली पाहिलं.

"चाचा, इसमें क्या डाला?"

"तेल."

"कौनसा?"

"लूमका. अच्छावाला."

इम्रानभाईंनी बटण दिव्याखाली धरलं. "अच्छावाला है, इसीलिए इतना अंदर तक गया."

मग त्यांनी समजावलं. बाहेरून दुसरा कीबोर्ड लावून भागणार नाही, कारण आतला गप्प बसत नाही, आपोआप दबतो. त्याला जोडणारी वायरची पट्टी काढून टाकली तर चालू करायचं बटणही त्याच पट्टीवर, मग लॅपटॉप चालूच होणार नाही. आख्खा कीबोर्ड बदलायला हवा. आणि तो स्क्रूनं बसवलेला नाही. खालून प्लॅस्टिकचे बारीक ठिपके वितळवून चिकटवलेला आहे. ते सगळे फोडायचे, नवा बसवायचा, पुन्हा वितळवायचे.

"मंग खोलनेका कैसा?" बाबांनी विचारलं.

"चाचा, ये खोलने के लिए बना ही नहीं है."

बाबांनी हे दोनदा विचारून घेतलं. उघडायचंच नाही असं यंत्र कोणी बनवलं असेल, हे त्यांच्या डोक्यात बसेना. "म्हंजे बिघारला की मराचाच?" ते मला म्हणाले.

नवा कीबोर्ड मिळेना, मॉडेल जुनं. भिंतीवरच्या एका मेलेल्या लॅपटॉपमधून इम्रानभाईंनी एक काढला. त्याच्यावर इंग्रजीच्या शेजारी अरबी अक्षरं होती. "दुबई का माल है, दीदी. चलेगा?" मी म्हटलं चालेल. मला तेव्हा कुठलीही अक्षरं चालली असती.

मग ते ठिपके फोडायचं काम. कट, कट. प्रत्येक आवाजाला मी काउंटरवरून वाकून बघायचे. बाहेर ट्रकचे हॉर्न, रिक्षांची ओरड, मागच्या कारखान्यातला खडखडाट. बाबा काउंटरला डोकं टेकून झोपून गेले. दुपार उलटून गेली. इम्रानभाईंनी शेवटचा ठिपका वितळवला, उलटा फिरवला, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळाच.

मी देवाचं नाव घ्यायला लागले. बाबा जागे झाले, सगळं पाहिलं आणि खिशात हात घातला. खिशात त्यांच्या सदा चामड्याचे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे असायचे, लूमच्या ढिल्या जागी लावायला. एक तुकडा पुढे केला.

"नहीं चाचा," इम्रानभाई हात जोडून म्हणाले. "अब आप कुछ मत डालो."

आतली पट्टी नीट बसली नव्हती. सगळं पुन्हा उघडलं, पट्टी दाबून बसवली, वरून टेप लावली. या वेळी पडदा उजळला. "दीदी, कुछ लिख के देखो."

मी माझ्या गावाचं नाव लिहिलं. उमटलं.

"सगली बटनां दाब," बाबा म्हणाले. मी एकेक करून सगळी दाबली. तोवर ते दुकानाच्या पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "दमलो गं बाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

परतीच्या रिक्षाला माणसं भरेपर्यंत आम्ही स्टँडवर थांबलो. मी म्हटलं, "बाबा, आता नरेशदादांना काही बोलता येणार नाही. लॅपटॉप चालतोय."

बाबा रस्त्याकडे बघत होते. "शेड जानार हाय," ते म्हणाले. "हितं गोडाऊन बांधनारेत, त्यांना मी हो बोललो. गेले म्हैन्यातच."

मग हे सगळं कशासाठी केलं, असं विचारायला मी तोंड उघडलं. तोवर बाबाच सांगायला लागले.

"त्यांचा अंजूरला हापिस हाय. मी सांगितला, जागा पायजे तर माजी एक बाय तुमचे टेबलावर बसनार. बोलले, टाइप करता यावाला पायजे, बघून घेऊ. आता शिकायला मशीन पायजे का नको? आन् मी त्याच्यातच तेल घातला." रिक्षा आली. बसता बसता म्हणाले, "तू कांडीवर परत बसायची नाय. शेडचा काय व्हायाचा ते होवंदे."

पुढचे दिवस मी त्या अरबी बटणांवर सराव केला. बिलं कल्याणलाच जात होती. टेबलावर खरं काम काहीच नव्हतं, तरी बाबा मला उठू द्यायचे नाहीत. नरेश काचेतून बघून जायचा. एकदा आत येऊन त्यानं मला पत्राचा मजकूर कसा मांडायचा ते दाखवलं आणि "बाबांना सांगू नका," म्हणून गेला. बाबा अधूनमधून यायचे, माझ्या मागे उभे राहायचे. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं. आवाज ऐकायचे. "आज नीट चाललंय," म्हणायचे, नाहीतर, "आज तुजा मन हितं नाय."

अंजूरला बोलावलं त्या दिवशी हे सोबत आले आणि गेटबाहेर उभे राहिले. आत एका बाईंनी मला एक कागद दिला आणि हा टाइप करा म्हणाल्या. मी एवढ्या जोरानं बटणं दाबत होते की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "हळू दाबलं तरी उमटतं हो," बाई म्हणाल्या. कागद संपला. त्यांनी वाचला, दोन ठिकाणी खूण केली आणि सोमवारपासून या म्हणाल्या.

तिथून मी घरी गेले नाही. यांना पुढे पाठवलं आणि कोनला उतरून सरळ शेडकडे गेले. लूम तोडायचं काम त्याच दिवशी सुरू झालं होतं. आत घणांचे आवाज चालले होते आणि दारातून, खिडक्यांतून, पत्र्याच्या फटींतून रुई बाहेर येत होती. वर्षानुवर्षं तुळयांवर, भिंतींवर बसलेली ती सगळी सुटली होती.

बाबा दारातून बाहेर आले. केस, भुवया, खांदे, सगळं पांढरं. मला पाहिलं तसे भराभर गेटपाशी आले आणि मी आत पाऊल टाकायच्या आधी गेट ओढून घेतलं.

"आत येव नको. आज रुई लय उरतंय."

"बाबा, घेतलं मला. सोमवारपासून."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मंग हितं कशाला उभी हायस? जा घरी. तोंडाला पदर लाव."

मी पाया पडायला वाकले तर गेट मध्ये होतं. त्यांनी गजांतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच रिक्षा दाखवायला रस्त्याकडे केला. मी पदर नाकाला लावून रस्त्यापर्यंत गेले, रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं तेव्हाही ते तिथंच उभे होते, मी बसते की नाही ते बघत. रिक्षा सुटली तसे वळले आणि त्या धुळीत परत आत गेले. त्यांच्या स्वतःच्या तोंडाला काहीही बांधलेलं नव्हतं.